एका खोलीत दोन जोशी: हॉटेल बुकिंगसाठी स्प्रेडशीट की डेटाबेस?

(निधिसंकलनाच्या संध्याकाळी हॉटेल समितीतर्फे केलेल्या भाषणाचा मजकूर)



निधिसंकलनाच्या संध्याकाळी गाणं असावं, एखादा नाट्यप्रवेश असावा, गेलाबाजार कोणीतरी नकला तरी कराव्यात. त्याऐवजी आम्ही हॉटेल समितीतली माणसं तुमच्यापुढे उभी आहोत, आणि बोलणार आहोत कॉम्प्युटरमधल्या तक्त्यांवर. तेही जेवणाआधी! तुमच्या चेहऱ्यावरचे भाव आम्हाला इथून दिसताहेत. पण विषय पैशाचा आहे, आणि आज तुम्ही ज्या पेटीत चेक टाकणार आहात त्याच पेटीतल्या पैशाचा आहे. तेव्हा वीस मिनिटं सहन करा.

मोठा कार्यक्रम ठरला की सभागृहाइतकीच निकड हॉटेलची असते. बृहन्महाराष्ट्र मंडळाची अधिवेशनं तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिली आहेत. २०१७ चं ग्रँड रॅपिड्सचं, २०१९ चं डॅलसचं, कोविडमुळे लांबत लांबत २०२२ साली अटलांटिक सिटीत झालेलं, २०२४ चं सान होजेचं. तीन-चार दिवस, हजारो माणसं, आणि रात्री प्रत्येकाला उशी हवी! आपल्या मंडळाचा मेळावा त्या मानाने चिमुकला, पण हॉटेलवाल्याशी होणारा करार त्याच जातीचा. त्याला रूम ब्लॉक म्हणतात. अमुक रात्रींना अमुक खोल्या आमच्यासाठी अडवून ठेवा, दर अमुक, आणि अमुक तारखेनंतर ज्या उरतील त्या तुम्ही खुशाल बाहेर विका. इथवर सगळं गोड असतं. मग पाचव्या-सहाव्या पानावर बारीक अक्षरात अ‍ॅट्रिशन नावाचं कलम येतं.

त्याचा हिशोब एकदा करूनच बघू. समजा, २०० खोल्या ३ रात्रींसाठी अडवल्या. म्हणजे ६०० रूम-नाइट्स. करारात ८० टक्क्यांची हमी दिली, म्हणजे ४८० भरायलाच हव्यात. भरल्या ४५०. तीस कमी पडल्या. दर १६० डॉलर असेल तर ४,८०० डॉलरचं बिल मंडळाच्या नावाने येतं. काही करारांत पूर्ण भाडं धरतात, काहींत फक्त हॉटेलचा बुडालेला नफा. सही करण्याआधी ते वाचून घ्यावं. पण पैसे जातात ते आपल्या निधीतून, ज्या खोल्यांत कोणी झोपलंच नाही त्या खोल्यांपायी.

आता याची उलट बाजू. खोल्या आहेत त्यापेक्षा जास्त लोकांना कोणीतरी 'हो, झालं तुमचं' म्हणून बसलं. रात्री अकरा वाजता विमानतळावरून एक कुटुंब येतं. दोन पेंगुळलेली मुलं, सहा महिन्यांसाठी पुण्याहून आलेले आजी-आजोबा, चार बॅगा. काउंटरवरची मुलगी नम्रपणे सांगते की या नावावर काही दिसत नाही. अ‍ॅट्रिशनमध्ये पैसे जातात, इथे माणूस जातो. तो पुन्हा कार्यक्रमाला येत नाही, आणि देणगीही देत नाही. ती देत नाही याचं आम्हाला आश्चर्य वाटत नाही.

थोडक्यात, समितीला रोज दोन गोष्टी ठाऊक हव्यात: आजपर्यंत किती रात्री दिल्या, आणि त्या कोणाकोणाला दिल्या. हे लिहायचं कशात, एवढाच आपला प्रश्न.

बहुतेक मंडळांचं उत्तर ठरलेलं असतं. आपल्यातला कोणीतरी उत्साही माणूस संध्याकाळी लॅपटॉप उघडतो आणि एक्सेलमध्ये रकाने पाडतो: नाव, फोन, येणार कधी, जाणार कधी, पैसे भरले का, शेरा. दहा मिनिटांत काम सुरू. याला आम्ही नावं ठेवणार नाही. स्प्रेडशीट ही फार गुणी वस्तू आहे. १९७९ साली डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांनी अ‍ॅपल टू या कॉम्प्युटरसाठी व्हिसिकॅल्क काढलं. ब्रिकलिनला ती कल्पना हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये शिकत असताना सुचली. फळ्यावर आकड्यांचा तक्ता मांडलेला, एक आकडा बदलला की पुढचे सगळे खोडून पुन्हा मांडायचे; हे आपोआप झालं तर? तिथून लोटस आलं, मग एक्सेल. दर १६० चा १७० केला तर काय होईल, भरणा ८० ऐवजी ७० टक्के झाला तर काय होईल, हे बघायला याच्यासारखं साधन नाही. अंदाजपत्रकाला स्प्रेडशीटच हवी.

पण बुकिंग हा निव्वळ हिशोब नाही. बुकिंग म्हणजे शब्द देणं. आणि दिलेला शब्द दुसऱ्याला परत देता कामा नये.

हायवेवरची जुनी मोटेल आठवा. (अशा काउंटरपलीकडे बरेचदा आपले गुजराती बंधू असतात. एशियन अमेरिकन हॉटेल ओनर्स असोसिएशन ही त्यांची मोठी संस्था १९८९ सालची, आणि अमेरिकेतली सुमारे ६० टक्के हॉटेलं आपल्या सभासदांची आहेत असं ती सांगते.) काउंटरमागे भिंतीवर किल्ल्यांची फळी असायची. एका खोलीला एक खिळा, एका खिळ्यावर एक किल्ली. खिळा रिकामा म्हणजे खोली गेली. मालक कितीही झोपेत असो, नसलेली किल्ली त्याला देताच यायची नाही. डेटाबेस म्हणजे ही फळी आहे, असं समजायला हरकत नाही. त्याला एकदाच सांगून ठेवायचं की एक खोली आणि एक रात्र ही जोडी दोनदा येता कामा नये. मग तुम्ही टाका, तुमच्या मिसेस टाकोत की खजिनदार टाकोत, दुसऱ्या वेळी तो सरळ नाही म्हणतो. स्प्रेडशीट नाही म्हणत नाही. तिला सांगितलं की २१४ नंबरच्या खोलीत ३ जुलैला दोन जोशी कुटुंबं आहेत, तर ती दोन्ही जोशी शेजारी शेजारी सुंदर अक्षरात लिहून घेते. मोजायला सांगितलं तर मोजूनही देते.

मुंबईच्या जुन्या रांगा आठवणाऱ्यांना हे लगेच पटेल. व्ही.टी.ला रिझर्व्हेशनला गेलं की त्या त्या गाडीच्या रजिस्टरची त्याची त्याची खिडकी. ते रजिस्टर एकाच कारकुनाच्या हातात, म्हणून एक बर्थ दोघांना जात नसे. पण त्याच कारणाने रांग हलत नसे. १९८० च्या दशकाच्या मध्यावर रेल्वेने आरक्षण कॉम्प्युटरवर आणायला सुरुवात केली, आणि मग कुठल्याही खिडकीवर कुठल्याही गाडीचं तिकीट मिळू लागलं. हात अनेक झाले, तरी रजिस्टर एकच राहिलं.

इकडे अमेरिकेत हाच पेच विमान कंपन्यांना पडला होता. १९५३ साली लॉस एंजलिसहून न्यूयॉर्कला जाणाऱ्या विमानात अमेरिकन एअरलाइन्सचे अध्यक्ष सी. आर. स्मिथ आणि आयबीएमचे एक विक्री अधिकारी ब्लेअर स्मिथ योगायोगाने शेजारी बसले. दोघांचं आडनाव एकच, म्हणून गप्पा सुरू झाल्या. (आपल्याकडे दोन कुलकर्णी भेटले तर पहिला अर्धा तास मूळ गाव शोधण्यात जातो, धंद्याचं राहूनच जातं.) त्या गप्पांतून पुढे सेबर ही आरक्षण यंत्रणा झाली, १९६४ पर्यंत ती पूर्ण चालू होती. पाठोपाठ १९६५ साली हॉलिडे इनने आपली होलिडेक्स आणली. हॉटेलचं बुकिंग कॉम्प्युटरवर गेलं ते असं, स्प्रेडशीट जन्मायच्या चौदा वर्षं आधी.

आणि आज आपण ज्याला डेटाबेस म्हणतो त्याचा पाया कुठे घातला गेला? सान होजेला! २०२४ चं अधिवेशन ज्या शहरात भरलं, तिथल्याच आयबीएमच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या एडगर कॉड यांनी १९७० साली रिलेशनल मॉडेल मांडलं. त्यातला आपल्या कामाचा मुद्दा सोपा आहे. एक गोष्ट एकाच जागी लिहावी. कुटुंबाचं नाव-पत्ता कुटुंबांच्या तक्त्यात, खोल्या खोल्यांच्या तक्त्यात, आणि कोणी कुठली रात्र घेतली ते तिसऱ्या तक्त्यात, फक्त क्रमांकांनी जोडलेलं. देशपांड्यांचा फोन बदलला तर तो एकदा बदलायचा. स्प्रेडशीटमध्ये तोच फोन बुकिंगच्या पानावर, जेवणाच्या पानावर, विमानतळावरून आणायच्या पानावर असतो, आणि बदलतो तो फक्त एका पानावर. कोणत्या, ते ज्याने बदलला त्यालाच ठाऊक.

आता स्प्रेडशीटच्या खोड्यांकडे येतो. आपल्यासारख्या देशी मंडळींना त्या जरा जास्तच नडतात.

पहिली खोडी तारखेची. आपले कार्यक्रम चार जुलैच्या सुट्टीला धरून ठेवायची पद्धत. इथे ते लिहितात ७/४. भारतातून येणारा कलाकार, किंवा मनाने अजून भारतातच असलेला आपला एखादा काका, लिहितो ४/७. एक्सेल अमेरिकन पद्धतीवर असेल तर त्याला ती ७ एप्रिल वाटते. चूक आहे असं तो म्हणत नाही, कारण ७ एप्रिल ही चांगली सोज्वळ तारीख आहे. आणि १३/७ लिहिलं तर तेरावा महिना नाही म्हणून तो तिला तारीखच मानत नाही, नुसती अक्षरं म्हणून ठेवतो. मग तारखेने क्रम लावला की ही ओळ भलतीकडेच जाऊन बसते. ही खोडी इतकी चिवट आहे की २०२० साली मानवी जनुकांना नावं देणाऱ्या समितीने एक्सेलपुढे हात टेकले. काही जनुकांची नावं सप्टेंबर-मार्चसारखी दिसत, एक्सेल त्यांच्या तारखा करून टाकी. शेवटी शास्त्रज्ञांनी जनुकांचीच नावं बदलली. तिथे आपल्या हॉटेल समितीचं काय घेऊन बसलात!

दुसरी खोडी शून्याची. एडिसनचा झिप कोड ०८८१७. एक्सेलमध्ये टाका, पहिलं शून्य गिळून ८८१७ उरतं. न्यू जर्सी, मॅसॅच्युसेट्स, कनेक्टिकट, म्हणजे मराठी वस्ती दाट असलेल्या भागांतच झिप शून्याने सुरू होतात. सोळा आकडी नंबर टाकला तर पंधरानंतरचा शेवटचा आकडा तो शून्य करतो. अर्थात क्रेडिट कार्डाचा नंबर तुम्ही स्प्रेडशीटमध्ये टाकूच नये. एवढं एक वाक्य आजच्या भाषणातून लक्षात राहिलं तरी आमचे श्रम कारणी लागले.

तिसरी खोडी क्रम लावण्याची. नावांचा एकच रकाना निवडून कोणीतरी अकारविल्हे लावतो, बाजूचे रकाने जागीच राहतात. एक्सेल एकदा विचारतो की बाकीचेही हलवू का; पण घाईत आपण सगळे काय दाबतो ते आपल्याला माहीत आहे. आपटे पतिपत्नी वैद्यांच्या खोलीत, वैद्य तिसऱ्याच्या. पान दिसायला आधीपेक्षा नीटनेटकं, त्यामुळे कोणाला संशयही येत नाही.

चौथी, प्रतींची. 'फायनल', 'फायनल २', 'हीच खरी फायनल'. यावर मात्र आता उतारा आहे. गूगल शीट्स २००६ पासून आहे, सगळे एकाच पानावर लिहितात, कोणी काय बदललं तेही दिसतं. हा फार मोठा फरक पडला, तो आम्ही मान्य करतो. पण एकाच पानावर दहा जण लिहू लागले म्हणून ते पान नाही म्हणायला शिकत नाही. शेवटची एक खोली उरलेली असताना दोन स्वयंसेवक दोन घरांत दोन कुटुंबांशी फोनवर बोलत असतात. दोघांनाही ती खोली रिकामी दिसते. दोघंही 'झालं तुमचं' म्हणतात. डेटाबेसमध्ये एकाचा व्यवहार पुरा झाल्याशिवाय दुसऱ्याचा होत नाही. दुसऱ्याला फोनवर तिथल्या तिथे 'माफ करा' म्हणता येतं, आणि ते रात्री अकराला काउंटरवर ऐकण्यापेक्षा बरं.

हे फक्त हौशी मंडळांचं दुखणं आहे असं समजू नका. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सिंक्रोनाइज्ड स्विमिंगची सुमारे १०,००० तिकिटं जास्तीची विकली गेली. उरलेली तिकिटं १०,००० असताना कोणीतरी स्प्रेडशीटमध्ये २०,००० टाकलं होतं. लोकांना फोन करकरून दुसऱ्या स्पर्धांची तिकिटं द्यावी लागली. २०२० च्या ऑक्टोबरात इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य खात्याचे १५,८४१ कोविड रुग्ण मोजणीतून सुटले, कारण माहिती एक्सेलच्या जुन्या पद्धतीच्या फाइलमधून जात होती आणि त्या फाइलमध्ये ६५,५३६ च्या पुढे ओळी मावत नाहीत. उरलेल्या ओळी गुपचूप गळाल्या.

इतकं ऐकल्यावर तुम्ही म्हणाल, मग डेटाबेस करा आणि मोकळे व्हा. थोडं थांबा.

डेटाबेस आपोआप होत नाही, कोणीतरी तो बांधावा लागतो. आपल्या मंडळात अशा माणसांचा तोटा नाही. या सभागृहात एक दगड मारला तर तो डेटाबेस अ‍ॅडमिनिस्ट्रेटरलाच लागेल. अडचण पुढेच आहे. तो दोन शनिवार-रविवार खपून उत्तम काही तरी उभं करतो. मग त्याला टेक्ससमध्ये नोकरी लागते, किंवा व्हिसाची भानगड होते, किंवा बाळ होतं. पासवर्ड त्याच्यापाशी, त्यातली खाचाखोच त्याच्या डोक्यात. पुढच्या वर्षीच्या समितीला ती पेटी उघडता येत नाही. मग ती काय करते? एक्सेल उघडते. स्प्रेडशीटची खरी ताकद हीच आहे की ती कोणालाही वाचता येते, अगदी ज्या काकूंना आपण हौसेने रजिस्ट्रेशनच्या टेबलावर बसवतो त्यांनाही.

आणखी एक. हॉटेलं स्वतः पक्के डेटाबेस वापरतात, तरी कधी कधी खोली मिळत नाही, कारण न येणाऱ्यांचा अंदाज धरून ती मुद्दाम जास्त बुकिंग घेतात, आणि जागा नसली की पाहुण्याला दुसऱ्या हॉटेलात पाठवतात. तेव्हा यंत्राने धंद्याची नियत बदलत नाही.

म्हणून निवड करताना आम्ही खोल्यांचा आकडा फारसा धरला नाही. चाळीस खोल्या असोत की दोनशे. लिहिणारे हात किती, हे आम्ही पाहिलं. एकच माणूस लिहिणार, बाकीचे त्याला फोन करणार, असं असेल तर स्प्रेडशीट पुरते. तो माणूस म्हणजे व्ही.टी.चा तो कारकूनच. दोघं-तिघं लिहायला लागले की डेटाबेस हवा. आणि त्याही आधीचा प्रश्न: खरी नोंद कोणाची? खोली हॉटेलची, किल्ली हॉटेलची, तेव्हा खरी नोंदही हॉटेलचीच. बहुतेक मोठी हॉटेलं कार्यक्रमासाठी वेगळी बुकिंग लिंक देतात. लोकांनी तिथेच बुकिंग करावं, कार्ड तिथेच द्यावं. आपण तेच पुन्हा आपल्या तक्त्यात उतरवून ठेवलं की दोन खऱ्या नोंदी होतात, आणि दोन खऱ्या नोंदी चार दिवसांत एकमेकींशी भांडायला लागतात.

मग आपल्याकडे काय उरतं? जे हॉटेलला माहीत नसतं ते. कलाकारांच्या खोल्या, ज्यांचे पैसे मंडळ भरतं. मोठ्या देणगीदारांना दिलेल्या खोल्या. कोण कोणाबरोबर खोली वाटून घेणार. आणि आजी-आजोबा. यांच्यासाठी आम्ही छोटा डेटाबेस केला आहे: कुटुंबं, खोल्या, रात्री, तीन तक्ते. मुक्काम आम्ही 'कधी आले-कधी गेले' असा न ठेवता रात्र-रात्र वेगळी लिहितो. शुक्रवारी येऊन रविवारी जाणारा दोन रात्री घेतो. दिवस मोजणारे तीन धरतात आणि अ‍ॅट्रिशनचा हिशोब तिथेच चुकतो. दर रविवारी रात्री त्यातून एक स्प्रेडशीट निघते, ती खजिनदार आणि हॉटेलकडे जाते. ती फक्त वाचायची, तिच्यात लिहायचं नाही.

आजी-आजोबांचा रकाना आम्ही शेऱ्यात ठेवला नाही, त्याचं कारण सांगतो. शेऱ्यात कोणी लिहितं 'व्हीलचेअर', कोणी 'गुडघे', कोणी 'टब नको', कोणी 'आईला जिना जमत नाही'. माणसाला चारही कळतात, पण अशा खोल्या एकूण किती हव्यात ते मोजता येत नाही. आणि त्या हॉटेलात मोजक्याच असतात. २०१२ पासून लागू असलेल्या केंद्रीय नियमांप्रमाणे अपंगांसाठीची खोली इतर खोल्यांसारखीच आगाऊ बुक करता आली पाहिजे, आणि बुक झाल्यावर हॉटेलने ती त्याच व्यक्तीसाठी राखली पाहिजे. पण आधी आपण ती मागायला हवी, करारावर सही होण्यापूर्वी, आकड्यासकट. म्हणून फॉर्मवर आता तीन वेगळ्या चौकटी आहेत: व्हीलचेअर आत जाईल असं दार, बसून करता येईल असा शॉवर, लिफ्टजवळची खोली. ज्या लागू असतील त्यांवर खूण करायची. या चौकटी रिकाम्या ठेवल्या तर कॉम्प्युटर फॉर्म पुढे सरकू देत नाही. 'यांपैकी काही नको' अशी चौथी चौकट आहे, तीवर तरी खूण करावीच लागते. त्याबद्दल दोन तक्रारीही आल्या आहेत. आम्ही ते बदलणार नाही.

पासवर्ड तिघांकडे आहे, आणि कागदावर लिहून बंद पाकिटात मंडळाच्या कार्यवाहांकडे. कसं चालवायचं त्याची चार पानं आम्ही मराठीत लिहून काढली आहेत. ती बिनकॉम्प्युटरवाल्या दोघांना वाचायला दिली. त्यांनी विचारलेल्या शंकांमुळे चाराची सहा पानं झाली.

आम्हाला अजून दोन स्वयंसेवक हवे आहेत. एस्क्यूएल यायलाच हवं असं नाही. फोनवर शांत आवाजात 'माफ करा, ती खोली गेली' असं म्हणता यायला हवं, मग समोर स्वतःचे व्याही का असेनात. नावं दाराजवळच्या टेबलावर द्या. तिथे कागदाची वहीच ठेवली आहे, आणि पेनला दोरी बांधली आहे. देणगीची पेटीही तिथेच आहे. जेवण तयार आहे असं स्वयंपाकघरातून खुणावताहेत, तेव्हा प्रश्न ताट हातात घेऊन विचारा.